गरोदरपणातली शुगरची चाचणी: कोकणातून सतत येणारे प्रश्न

रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या किनारपट्टीवरच्या गरोदर बायका, त्यांचे नवरे आणि बऱ्याचदा सासूबाई हे प्रश्न पाठवत असतात. सारखेच प्रश्न एकत्र केले आहेत. चाचणी कशी करतात हे फार थोड्या जणी विचारतात. बहुतेकींना काळजी असते ती चाचणीनंतर घरात काय बोललं जाईल याची, म्हणून त्या प्रश्नांना इथे जास्त जागा दिली आहे. औषधाचा डोस मात्र कोणीही इथे वाचून ठरवू नये, ते तुमच्या डॉक्टरांचं काम.

१. ही नेमकी कसली चाचणी? कधी करायची आणि पैसे किती लागतात?

आधी मधुमेह नसतानाही गरोदरपणात काही जणींच्या रक्तातली साखर वाढते. त्याला जेस्टेशनल डायबेटिस म्हणतात. सरकारी पद्धतीत ७५ ग्रॅम ग्लुकोज साधारण ३०० मिली पाण्यात विरघळवून देतात. ते ५ ते १० मिनिटांत संपवायचं आणि दोन तासांनी एकदाच रक्त द्यायचं. आकडा १४० किंवा त्याहून जास्त आला तर जेस्टेशनल डायबेटिस आहे असं धरतात.

पहिली चाचणी नाव नोंदवायला गेल्यावरच होते. ती नॉर्मल आली तर २४ ते २८ आठवड्यांत दुसरी. दोन्हींमध्ये किमान ४ आठवडे जायला हवेत. २८ आठवड्यांनंतर पहिल्यांदाच तपासायला आलात तर एकच चाचणी, तीही त्याच दिवशी. सरकारी दवाखान्यात गरोदर बाईच्या तपासण्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात मोफत आहेत. दर महिन्याच्या ९ तारखेला सुरक्षित मातृत्व अभियानाची तपासणी असते, त्या दिवशी डॉक्टरही भेटतात.

२. मला काहीच त्रास नाही आणि घरात कोणाला डायबेटिस नाही. मग कशाला?

त्रास होत नाही म्हणूनच. या दुखण्यात बहुतेकींना काहीच जाणवत नाही. थकवा, तहान, वारंवार लघवी हे सगळं गरोदरपणात तसंही असतंच, त्यावरून काही कळत नाही. घरात डायबेटिस असेल, वय किंवा वजन जास्त असेल, आधीचं बाळ खूप मोठं झालं असेल, तर धोका वाढतो. पण यातलं एकही नसलेल्या बायकांचीही साखर वाढलेली सापडते. भारतीय बायकांना हा धोका मुळातच जास्त आहे. त्यामुळे निवडक जणींना बोलावण्यापेक्षा सगळ्यांची चाचणी करायची असं आपल्याकडे ठरलं.

साखर वाढलेली राहिली आणि कोणाला कळलंच नाही, तर बाळ प्रमाणाबाहेर वाढतं, गर्भजल वाढतं, आईचं बीपी चढू शकतं, बाळंतपणात बाळाचा खांदा अडकू शकतो आणि जन्मल्यावर बाळाची साखर एकदम उतरू शकते. वेळेवर कळलं तर हे बरंचसं टाळता येतं, आणि तेही अनेकदा फक्त जेवण बदलून.

३. माका गोड आवडत नाय, मगे माका शुगर कशी काय इली?

गोड खाल्ल्यामुळे ती आलेली नाही. बाळाला पोसणारी वार काही हार्मोन्स सोडते आणि त्यांच्यामुळे आईच्या अंगातलं इन्सुलिन नीट काम करत नाही. एरवी शरीर जास्त इन्सुलिन तयार करून हे निभावून नेतं. काही जणींचं शरीर तेवढं तयार करू शकत नाही, मग साखर वाढते. पाचव्या-सहाव्या महिन्यानंतर हा जोर वाढतो, आणि दुसऱ्या चाचणीची वेळ त्यावरूनच ठरली आहे. रोज दोन पेढे खाणारीची चाचणी नॉर्मल येते आणि चहात साखर न घालणारीची येत नाही, हे आम्ही नेहमी बघतो.

४. आरोग्य केंद्रात जेवून आले तरी चालेल म्हणाले. शहरातल्या लॅबने उपाशी बोलावलं आणि तीनदा रक्त काढलं. खरं कोण?

दोघंही. पद्धती दोन आहेत. एकीत उपाशीपोटी, एका तासाने आणि दोन तासांनी असं तीनदा रक्त घेतात. तिचे आकडे ९२, १८० आणि १५३. यातला एक जरी तेवढा किंवा जास्त आला तरी निदान होतं. दुसरी सरकारी पद्धत, जेवलेल्या-न जेवलेल्या कोणालाही चालणारी, एकाच सुईची. चेन्नईचे डॉ. व्ही. शेषय्या आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती आपल्या देशात रुजवली. डॉ. शेषय्यांचा जन्मदिवस, १० मार्च, याच आजाराच्या जागृतीचा दिवस म्हणून पाळतात. विचार अगदी साधा होता: लांबून आलेल्या गरोदर बाईला “उद्या उपाशी ये” असं सांगितलं तर ती परत येईलच असं नाही. धोपाव्याहून फेरीबोट धरून दाभोळला येणाऱ्या बाईला हे वेगळं समजवावं लागत नाही.

एका पद्धतीचा आकडा दुसरीच्या मापाने मोजू नका, एवढं सांभाळा. व्हॉट्सॲपवरचे निम्मे घोळ तिथेच होतात.

५. ते पाणी पिववत नाही. उलटी झाली तर?

पाणी फार गोड असतं हे खरं आहे, आणि “काय होतंय एवढ्याने” असं कोणी म्हटलं तर राग येणं साहजिक आहे. थंड पाण्यात विरघळवून मागा. लिंबाचे दोन थेंब पिळू का, हे नर्सला विचारा, बऱ्याच ठिकाणी हो म्हणतात. एकदम ढोसू नका, पण दहा मिनिटांच्या पुढेही नेऊ नका.

प्यायल्यापासून ३० मिनिटांच्या आत उलटी झाली तर ती चाचणी गेली, दुसऱ्या दिवशी पुन्हा करायची. ३० मिनिटांनंतर झाली तर चाचणी चालू ठेवतात. उलटी झाली हे मात्र सांगा. मागच्या बाजूला जाऊन गुपचूप चूळ भरून परत बाकावर येऊन बसणाऱ्या बायका आम्ही पाहिल्या आहेत. चुकीच्या आकड्याचा तोटा शेवटी तुम्हालाच. दिवसभर उलट्या होत असतील तर प्रश्न १७ पाहा.

६. दोन तास थांबले तर एसटी चुकते. घरीच ग्लुकोज पिऊन आले तर?

नको. दुकानातल्या डब्यातलं ग्लुकोज चमच्याने घेतलं तर ते ७५ ग्रॅम झालं की नाही हे कळत नाही. शिवाय त्या पावडरीत पाण्याचा अंश असला तर वजन ८२.५ ग्रॅम घ्यावं लागतं. त्यात भर म्हणजे घरापासून केंद्रापर्यंत चढ चालून आलात, तर तेवढ्या चालण्यानेही साखर उतरते.

त्यापेक्षा आशाताईंना आदल्या दिवशी विचारून सकाळी लवकर या. केंद्रात शिरल्यावर आधी ग्लुकोज मागा, मग केसपेपर, वजन, बीपी, धनुर्वाताची सुई. दोन तासांतला बराचसा वेळ त्यातच जातो. प्यायल्याची वेळ नर्सकडून कार्डावर लिहून घ्या. मध्ये काही खायचं नाही, साध्या पाण्याचे घोट चालतात. बसून राहायचं, बाजारात फेरी नाही.

७. मुंबईत पहिली चाचणी नॉर्मल आली. आता सातव्यात गावी आले. पुन्हा कशाला?

आमच्या मते कोकणात सगळ्यात जास्त चाचण्या इथेच हुकतात. पहिलटकरीण मुंबईत नाव घालते. सातव्या महिन्यात ओटी भरतात, डोहाळजेवण होतं आणि ती माहेरी येते. नेमके तेच २४ ते २८ आठवडे. मुंबईच्या डॉक्टरांना वाटतं गावी होईल, गावच्या नर्सला वाटतं मुंबईत झाली असेल. सुरुवातीची चाचणी तेव्हाच्या साखरेची, वारेचा जोर वाढण्याच्या आधीची. दुसरी म्हणजे तीच पुन्हा नव्हे, ती स्वतंत्र चाचणी आहे.

ओटभरणाची तारीख ठरवतानाच चाचणीची तारीख ठरवा. निघण्याआधी करून घेतलीत तर उत्तमच. नाहीतर माहेरी पोचल्यावर त्याच आठवड्यात. माता-बाल संरक्षण कार्ड साड्यांच्या बॅगेत तळाशी घालू नका, पर्समध्ये ठेवा.

पहिली चाचणीच पॉझिटिव्ह आली असेल तर दुसरी लागत नाही, उपचार लगेच सुरू होतात.

८. माझी लघवी तपासली, उपाशीपोटीची साखर केली, तीन महिन्यांची सरासरीही केली. सगळं ठीक. मग ग्लुकोज कशाला?

गरोदरपणात मूत्रपिंडं थोडी साखर एरवीही सोडतात, त्यामुळे लघवीवरून ठरत नाही. आपल्याकडच्या अनेक बायकांची उपाशीपोटीची साखर ठीक असते आणि फक्त खाल्ल्यानंतरची चढते. तीन महिन्यांच्या सरासरीचं म्हणाल, तर गरोदरपणात ती कमी दिसते आणि अंगात रक्त कमी असेल तर फसवते. आपल्याकडे रक्त कमी असणं काही दुर्मीळ नाही.

९. मला निकाल नकोच आहे. कळलं तर टेन्शनने साखर आणखी वाढेल. मी नाही म्हणू शकते का?

म्हणू शकता. कोणीही जबरदस्ती करू शकत नाही. पण नाही कशाला म्हणताय ते एकदा नीट पाहा. पाणी नको असेल तर प्रश्न ५. वेळ नसेल तर प्रश्न ६. पण बहुतेकींना यातलं काहीच नको नसतं, त्यांना “तुला काहीतरी झालंय” हे वाक्य नको असतं. हे खरोखर समजण्यासारखं आहे. नऊ महिने आनंदाचे म्हणतात आणि मध्येच बोट टोचून आकडा दाखवतात.

तरी साखर असली तर ती तुम्हाला कळो न कळो, बाळापर्यंत पोचतेच. आणि भीतीचं म्हणाल तर निकाल आल्यावर पहिले काही दिवस बायका घाबरतात, नंतर जेवणाचं गणित जमलं की बऱ्याच जणी सावरतात. चाचणी करायचीच नसेल तर निदान डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगा, म्हणजे आठवडाभर घरी ग्लुकोमीटरवर साखर बघण्यासारखा दुसरा मार्ग बोलता येतो. “पुढच्या वेळी करते” म्हणत २८ आठवडे उलटून जाऊ देऊ नका.

खरं तर अनेकींना ही चाचणी का करतात हे कोणी सांगितलेलंच नसतं. “हे पी आणि बस” एवढंच सांगितलं जातं. तुम्ही विचारा. विचारल्याशिवाय पिऊ नका म्हटलं तरी चालेल.

१०. सासूबाई म्हणतात, “आमच्याकडे कोणाक नाय, हिच्या माहेरसून इली.” त्यांना न सांगता चाचणी करता येईल का?

हा प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत सगळ्यात जास्त येतो.

करता येते. तुमचा रिपोर्ट तुमचा आहे. रांगेत मोठ्याने आकडा वाचून दाखवला जात असेल तर “ताई, आत सांगा” असं म्हणायला लाजू नका. आमच्या पाहण्यातल्या एका बाईने रिपोर्टची चौकोनी घडी करकरून तो एसटीच्या तिकिटाएवढा केला आणि मंगळसूत्राच्या डबीत ठेवला. डबी घरी कोणी उघडत नाही म्हणून. पण मग पंधरा दिवस ताटातला भात कमी का घेते, याला तिच्याकडे कारण नव्हतं.

म्हणून लपवण्यापेक्षा घरातल्या एकाला तरी सोबत घ्या. नवरा मुंबईला असेल तर नणंद, जाऊ, कोणीही. सासूबाई स्वतः आल्या तर सोन्याहून पिवळं, कारण ताट त्यांच्या हातात असतं. आणि माहेर-सासर हा हिशोब कोणी काढलाच, तर हे सांगा: साखर वाढवणारे हार्मोन्स सोडते ती वार. वार बाळाबरोबर तयार होते, आणि बाळात निम्मा वाटा तुमच्या मुलाचा आहे. एका आजींनी हे ऐकून बराच वेळ पदर चाळवला आणि मग विचारलं, “मगे आता हिका जेवाक काय घालू?” तिथून पुढे सगळं सोपं झालं.

आईच्या घराण्यात मधुमेह असेल तर धोका वाढतो, हे लपवू नका. पण धोका म्हणजे दोष नाही.

११. कार्डावर लाल स्टिकर लावला. म्हणजे माझं काही खरं नाही का?

लाल म्हणजे जोखमीची गरोदर, हिरवा म्हणजे तसं काही आढळलं नाही. रात्री कळा सुरू झाल्या आणि अनोळखी नर्सच्या हाती कार्ड गेलं, तर तिला एका नजरेत कळावं एवढ्यासाठीच तो आहे. खरवडून काढू नका. (काढणाऱ्या आहेत.)

१२. माझी १३८ आली आणि मैत्रिणीची १४२. चार आकड्यांनी एवढा काय फरक?

कुठेतरी रेघ मारावीच लागते. १३८ म्हणजे या पद्धतीत नॉर्मल. ही पहिली चाचणी असेल तर २४ ते २८ आठवड्यांतली चुकवू नका. १४२ असेल तर उपचार सुरू, पण पहिली पायरी जेवणाचीच असल्याने त्यात गमावण्यासारखं काही नाही. मनासारखा आकडा येईपर्यंत तीन लॅब फिरणं मात्र निरर्थक आहे.

१३. पॉझिटिव्ह आली. आता रोज इन्सुलिन का?

लगेच नाही. आधी दोन आठवडे आहार आणि चालणं, मग पुन्हा तपासणी. उपाशीपोटी ९५च्या आत आणि जेवल्यावर दोन तासांनी १२०च्या आत राहिली तर तेच पुढे चालू. नाही राहिली तर औषध: इन्सुलिन किंवा मेटफॉर्मिन, ते डॉक्टर ठरवतात. सुरुवातीलाच साखर खूप जास्त असेल तर थांबत नाहीत.

इन्सुलिन वारेतून बाळाकडे जात नाही. “एकदा लागलं की जन्मभर” ही भीती इथे लागू नाही, बहुतेकींचं बाळंतपणानंतर बंद होतं.

१४. भात सोडायचा? पेज? आणि ऐन मे महिन्यात आंबा?

भात सोडायचा नाही, मोजायचा. दुपारी ताटभर भात आणि वर माशाची आमटी, हे उलटं करा: आमटीतले मासे आणि भाजी जास्त, भात वाटीने. उकड्या तांदळाची पेज सुरय (न उकडलेल्या) तांदळाच्या पेजेपेक्षा थोडी बरी, पण मोठा वाडगा नको, आणि सोबत चटणीऐवजी उसळ किंवा अंडं असू द्या. कुळथाची पिठी चांगली. घावणे चटणीबरोबर खा, गुळाच्या रसाबरोबर नको. सोलकढीत साखर घालत नसाल तर हवी तेवढी प्या. बांगडा, तारली खुशाल खा. मोरी (शार्क मासा) गरोदरपणात टाळा, सुरमई रोज नको. दोघींत पाऱ्याचं प्रमाण जास्त असतं, त्याचा साखरेशी संबंध नाही, पण विषय निघालाच आहे.

गूळ “नैसर्गिक” आहे म्हणून चालतो, हा गैरसमज घरोघरी आहे. साखरेच्या दृष्टीने गूळ म्हणजे साखरच. गणपतीत एक उकडीचा मोदक जेवणाच्या ताटात, भात कमी करून, बहुतेकींना चालतो, अकरा नाही. आंब्याच्या दोन फोडी चालतील, पण आमरस नको आणि जेवणानंतर वेगळा आंबा नको. फणसाच्या गऱ्यांचंही तेच, तीन-चारवर थांबा. दोन तासांनी साखर बघितलीत तर तुमचं शरीर किती सोसतं ते तुम्हालाच दिसेल, आणि ते आमच्या यादीपेक्षा खरं.

दोन जिवांची म्हणून दुप्पट जेवायचं नाही आणि घाबरून उपाशीही राहायचं नाही. तीन जेवणं, मध्ये थोडं थोडं खाणं, आणि जेवल्यावर अंगणात दहा-पंधरा मिनिटं फेऱ्या.

१५. रोजे चालू आहेत. आमच्या शेजारणीचा हरितालिकेचा निर्जळ उपवास आहे. चाचणी कधी?

ग्लुकोज प्यायलं की रोजा आणि उपवास दोन्ही मोडतात, तेव्हा दुसरा दिवस घ्या. पण रमजानचा महिना २४ ते २८ आठवड्यांवर पूर्ण पसरला असेल तर महिना संपायची वाट बघू नका. आजारी आणि गरोदर बाईला रोज्यात सवलत आहे, मौलवींना विचारून तो एक दिवस सोडवून घ्या. निदान झाल्यानंतर लांबचे उपवास डॉक्टरांशी बोलल्याशिवाय करूच नयेत, इन्सुलिन घेत असाल तर मुळीच नाही. साबुदाण्याच्या खिचडीवर काढलेला दिवस हा साखरेच्या दृष्टीने उपवास नव्हेच.

१६. सिझेरियनच होणार का? बाळाला डायबेटिस होणार का?

शुगर आहे एवढ्याच कारणासाठी सिझेरियन करत नाहीत. बाळ फार मोठं असेल किंवा दुसरी अडचण असेल तर करतात. साखर आटोक्यात असेल तर ३९ आठवड्यांच्या आधी उगाच घाई नसते. औषधावर असाल तर स्त्रीरोगतज्ज्ञ आणि बाळाचे डॉक्टर असलेल्या ठिकाणीच बाळंत व्हा. किनाऱ्यावरच्या गावातून रत्नागिरी किंवा ओरोसचं जिल्हा रुग्णालय गाठायला किती वेळ लागतो हे आधीच बघून ठेवा.

बाळ डायबेटिस घेऊन जन्मत नाही. जन्मल्यावर त्याची साखर उतरू शकते, म्हणून टाचेतून रक्त घेऊन तपासतात आणि तासाभराच्या आत अंगावर पाजायला सांगतात. दूध शंभर टक्के चालतं, पाजणं उलट दोघांच्या फायद्याचं.

१७. माझं प्रकरण वेगळं आहे, नेहमीची चाचणी चालेल का?

आधीपासून डायबेटिस असेल तर ही चाचणी करायचीच नाही, थेट उपचार. पीसीओएससाठी (पाळी अनियमित करणारा अंडाशयाचा त्रास) मेटफॉर्मिन चालू असेल तर आकडा कमी दिसू शकतो, म्हणून गोळी सांगा, पण मनाने बंद करू नका. बाळाच्या फुप्फुसांसाठी स्टेरॉइडची सुई घेतली असेल तर काही दिवस साखर चढलेली असते, तेव्हा केलेली चाचणी फसवी. वजन कमी करायची पोटाची शस्त्रक्रिया झाली असेल किंवा काहीच पोटात ठरत नसेल, तर ग्लुकोजऐवजी घरच्या घरी साखर बघण्याबद्दल विचारा. जुळी असतील तर धोका थोडा जास्त, चाचणी तीच. आधीच्या वेळी शुगर होती तर या वेळी पहिल्याच भेटीत तसं सांगा.

१८. बाळंत झाले, साखर नॉर्मल झाली. आता विषय संपला ना?

बहुतेकींची साखर बाळंतपणानंतर उतरते. तरी ६ आठवड्यांनी उपाशीपोटी आणि ७५ ग्रॅम ग्लुकोजनंतर दोन तासांनी अशी तपासणी करायची असते. उपाशीपोटी १२६ किंवा जास्त, नाहीतर दोन तासांनी २०० किंवा जास्त आली तर डायबेटिस. दोन तासांची १४० ते १९९ मध्ये असेल तर सीमारेषेवर. ही चाचणी जवळजवळ कोणी करत नाही, कारण तेव्हा बाळंतीण सव्वा महिन्याच्या खोलीत असते आणि सगळ्यांचं लक्ष बाळाकडे. बाळाला दीड महिन्याच्या लसीला न्याल, त्याच दिवशी तुमचीही करून घ्या, उपाशी मात्र जा.

अळिवाचे, डिंकाचे लाडू दिवसाला एक, लहान. गूळ कमी घालायला सांगा. नॉर्मल आली तरी दरवर्षी एकदा साखर तपासत राहा, कारण ज्यांना ही शुगर होते त्यांना पुढे कायमचा मधुमेह होण्याची शक्यता बरीच जास्त असते. आणि पुढचं बाळ ठरवताना आधी चाचणी, मग बाकीचं.